भाडेपट्टे, ग्राहक-करार आणि भारतीय लेखा मानके

बँका उद्योगांना कर्ज देतात, विमा कंपन्या व निवृत्तिवेतन निधी त्यांचे समभाग आणि रोखे घेतात, तर सामान्य गुंतवणूकदार म्युच्युअल फंडांच्या माध्यमातून आपली बचत त्यांच्या हाती सोपवितो. या सर्व निर्णयांचा एक प्रमुख आधार म्हणजे कंपनीने प्रसिद्ध केलेली वित्तीय विवरणपत्रे. ताळेबंदात दायित्व कमी आणि नफा-तोटा पत्रकात महसूल अधिक दिसत असेल, तर भांडवल त्या कंपनीकडे वळते. हे चित्र अपुरे असेल तर चुकीच्या निर्णयाची किंमत अखेर ठेवीदार, कर्मचारी आणि करदाते यांना मोजावी लागते. त्यामुळे लेखा मानके हा केवळ सनदी लेखापालांचा विषय राहत नाही. तो बचतीच्या सुरक्षिततेचा आणि भांडवलाच्या योग्य वाटपाचाही प्रश्न ठरतो.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात दोन मूलभूत बदल झाले. ग्राहकांशी केलेल्या करारांतून मिळणाऱ्या महसुलाविषयीचे भारतीय लेखा मानक ११५ हे १ एप्रिल २०१८ पासून, तर भाडेपट्ट्यांविषयीचे भारतीय लेखा मानक ११६ हे १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. प्रस्तुत लेखात या दोन्ही मानकांची पार्श्वभूमी, कार्यपद्धती आणि मर्यादा यांचा स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी

लेखांकनाचे नियम देशागणिक वेगळे असल्यास दोन देशांतील कंपन्यांची तुलना कठीण होते. ही अडचण दूर करण्यासाठी १९७३ मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय लेखा मानक समिती स्थापन झाली. २००१ मध्ये तिची जागा आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाने घेतली. या मंडळाची मानके 'आयएफआरएस', अर्थात आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानके, या नावाने ओळखली जातात. त्यांपैकी महसुलाविषयीचे १५ वे मानक मे २०१४ मध्ये, तर भाडेपट्ट्यांविषयीचे १६ वे मानक जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात सनदी लेखापाल संस्थेने १९७७ मध्ये लेखा मानक मंडळाची स्थापना केली आणि टप्प्याटप्प्याने देशी मानके तयार केली. जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पी भाषणात आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळणारी नवी मानके लागू करण्याची घोषणा झाली. त्यानुसार फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने भारतीय लेखा मानके अधिसूचित केली. ही मानके 'इंड एएस' या संक्षिप्त नावाने ओळखली जातात. ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक निव्वळ मूल्य असलेल्या कंपन्यांना ती १ एप्रिल २०१६ पासून बंधनकारक झाली. १ एप्रिल २०१७ पासून इतर सूचीबद्ध कंपन्या आणि २५० कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ मूल्याच्या असूचीबद्ध कंपन्या त्यांच्या कक्षेत आल्या. बिगर बँकिंग वित्तीय कंपन्यांसाठी २०१८ पासूनचे वेगळे वेळापत्रक होते. बँकांच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये ही अंमलबजावणी पुढील आदेशापर्यंत लांबणीवर टाकली.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. भारताने आंतरराष्ट्रीय मानके जशीच्या तशी स्वीकारलेली नाहीत; त्यांच्याशी मेळ साधणारी स्वतःची मानके केली आहेत. उदाहरणार्थ, गुंतवणुकीसाठी धारण केलेली स्थावर मालमत्ता आंतरराष्ट्रीय मानकानुसार बाजारातील रास्त मूल्याने दाखविता येते. भारतीय मानकात तिची नोंद मूळ खर्चाच्या आधारे करावी लागते आणि रास्त मूल्य केवळ टिपांत द्यावे लागते. स्वीकार आणि अभिसरण यांतील फरक तो हाच.

भाडेपट्टा : जुनी पद्धत आणि तिचा दोष

भारतात भाडेपट्ट्यांसाठी २००१ पासून लेखा मानक १९ लागू होते. त्यात भाडेपट्ट्यांचे दोन प्रकार मानले होते. मालकीचे जवळजवळ सर्व लाभ आणि जोखमी पट्टेदाराकडे जात असतील तर तो वित्तीय भाडेपट्टा. अन्यथा तो परिचालन भाडेपट्टा. पहिल्या प्रकारात मालमत्ता व दायित्व दोन्ही पट्टेदाराच्या ताळेबंदात येत. दुसऱ्या प्रकारात केवळ वार्षिक भाडे खर्ची पडे आणि पुढील अनेक वर्षांच्या भाड्याची बांधीलकी ताळेबंदाबाहेर, टिपांमध्ये राही.

या विभागणीमुळे करारांची रचना बदलून दायित्व ताळेबंदाबाहेर ठेवण्यास वाव मिळाला. एका कंपनीने कर्ज काढून विमान विकत घेतले आणि दुसरीने तसेच विमान दहा वर्षांच्या पट्ट्यावर घेतले, तर दोघींची उड्डाणे सारखी आणि दोघींवरील देण्यांची बांधीलकीही बरीचशी सारखी; तरीही एकीच्या ताळेबंदात कर्ज दिसे आणि दुसरीच्या ताळेबंदात काहीच दिसत नसे. आंतरराष्ट्रीय मंडळाचे पहिले अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी विनोदाने म्हणत की, विमान कंपनीच्या ताळेबंदात नोंदलेल्या विमानातून एकदा तरी प्रवास करण्याची आपली इच्छा आहे. विनोदामागील वस्तुस्थिती गंभीर होती. जगातील सूचीबद्ध कंपन्यांच्या भाडेपट्ट्यांची बांधीलकी सुमारे ३.३ लाख कोटी अमेरिकी डॉलर असून तिचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग ताळेबंदांत दिसत नाही, असा अंदाज २०१६ मध्ये मंडळाने मांडला होता.

नवे मानक काय सांगते?

मानक ११६ ने पट्टेदाराच्या बाबतीत हा द्विभेद रद्द केला. पट्टा सुरू होताच भविष्यात द्यावयाच्या भाड्याचे वर्तमान मूल्य काढून ते 'पट्टा दायित्व' म्हणून नोंदवायचे आणि त्याच्या जोडीला 'वापर-हक्क मालमत्ता' दाखवायची. पुढे दायित्वावर व्याज आकारले जाते आणि मालमत्तेवर घसारा. वर्तमान मूल्यासाठी पट्ट्यात अंतर्भूत असलेला व्याजदर वापरतात. तो समजत नसल्यास पट्टेदाराला तशाच मुदतीसाठी व तशाच तारणावर ज्या दराने कर्ज मिळाले असते तो दर धरतात. मालमत्ता भाड्याने देणाऱ्याच्या बाबतीत मात्र वित्तीय व परिचालन ही जुनी विभागणी कायम आहे.

एक उदाहरण घेऊ. एका कंपनीने तीन वर्षांसाठी यंत्र पट्ट्यावर घेतले. भाडे दरवर्षी १,००,००० रुपये असून ते वर्षअखेरीस द्यावयाचे आहे. व्याजदर १० टक्के. तिन्ही हप्त्यांचे वर्तमान मूल्य अनुक्रमे ९०,९०९, ८२,६४५ आणि ७५,१३१ रुपये, म्हणजे एकूण २,४८,६८५ रुपये येते. हीच पट्टा दायित्वाची आणि वापर-हक्क मालमत्तेची प्रारंभिक रक्कम. दरवर्षीचा घसारा ८२,८९५ रुपये. व्याज पहिल्या वर्षी २४,८६९, दुसऱ्या वर्षी १७,३५५ आणि तिसऱ्या वर्षी ९,०९१ रुपये. म्हणजे नफा-तोटा पत्रकावरील एकूण भार अनुक्रमे १,०७,७६४, १,००,२५० आणि ९१,९८६ रुपये होतो. तिन्ही वर्षांची बेरीज ३,००,००० रुपयेच येते. प्रत्यक्षात दिलेले भाडेही तेवढेच आहे.

या उदाहरणातून चार निष्कर्ष निघतात. पहिला, एकूण खर्च व रोख रक्कम बदलत नाही; खर्चाची वर्षनिहाय वाटणी बदलते आणि सुरुवातीच्या वर्षांत भार अधिक पडतो. दुसरा, भाड्याची जागा घसारा व व्याजाने घेतल्यामुळे व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा वाढलेला दिसतो. तिसरा, रोख प्रवाह पत्रकात पट्टा दायित्वापोटीची रक्कम परिचालन विभागातून वित्तपुरवठा विभागात जाते. चौथा, कर्जाचे प्रमाण वाढलेले दिसते. समजा, वरील कंपनीचे भागभांडवल व राखीव निधी मिळून ६,००,००० रुपये आणि कर्ज ४,००,००० रुपये आहे. पूर्वी कर्ज-भांडवल गुणोत्तर ०.६७ होते, पट्टा दायित्व धरल्यावर ते १.०८ होते. कंपनीची परिस्थिती एका रात्रीत खालावली, असा याचा अर्थ नाही. जी बांधीलकी आधीपासून होती ती आता मोजली गेली, एवढेच.

पट्टा कोणता आणि सेवा कोणती?

दायित्व ताळेबंदात येणार असल्याने एखादा करार मुळात भाडेपट्टा आहे की नाही, हा प्रश्न कळीचा ठरतो. निश्चित ओळख पटणारी मालमत्ता, तिच्या वापरातून मिळणाऱ्या जवळजवळ सर्व आर्थिक लाभांवर ग्राहकाचा हक्क आणि वापर कसा करावयाचा हे ठरविण्याचा त्याचा अधिकार, या कसोट्या येथे लावल्या जातात. लुधियानातील एखाद्या वस्त्रोद्योग कंपनीने विशिष्ट क्रमांकाचे पाच ट्रक तीन वर्षांसाठी आपल्या ताब्यात घेतले आणि कोणता माल कोठे न्यायचा हे तीच ठरवीत असेल, तर तो भाडेपट्टा आहे. तेवढाच माल मुंबई बंदरापर्यंत पोहोचविण्याचा करार वाहतूकदाराशी केला, आणि कोणता ट्रक वापरायचा हे वाहतूकदार आपल्या सोयीने ठरवीत असेल, तर ती सेवा आहे.

मानकाने दोन सवलती दिल्या आहेत. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचे पट्टे आणि संगणकासारख्या अल्प मूल्याच्या वस्तूंचे पट्टे यांचे भाडे पूर्वीप्रमाणे थेट खर्ची टाकता येते. अल्प मूल्याचा विचार करताना आंतरराष्ट्रीय मंडळासमोर नव्या वस्तूची किंमत सुमारे ५,००० डॉलर अशी मर्यादा होती. भारतात अकरा महिन्यांच्या करारांची प्रथा रूढ आहे, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यांची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार आवश्यक असते. तथापि, कागदावर अकरा महिने लिहिले म्हणून सवलत आपोआप मिळत नाही. नूतनीकरणाचा हक्क पट्टेदाराकडे असेल आणि तो वापरला जाणार हे वाजवी प्रमाणात निश्चित असेल, तर वाढीव काळही मुदतीत धरावा लागतो. मोठा खर्च करून सजविलेले दुकान कोणी अकरा महिन्यांत सोडत नाही, हा व्यवहारी विचार येथे निर्णायक ठरतो. उलटपक्षी, विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनुसार द्यावयाचे भाडे दायित्वात धरले जात नाही. ते त्या त्या वर्षी खर्ची पडते. म्हणून दोन दुकानसाखळ्यांची तुलना करताना टिपा वाचणे अपरिहार्य आहे.

ग्राहकांशी केलेले करार : महसूल केव्हा मानावा?

भाडेपट्ट्याचे मानक कंपनीने पत्करलेले देणे उघड करते, तर महसुलाचे मानक तिने ग्राहकाला दिलेल्या शब्दाचा हिशेब ठेवते. पूर्वी मालविक्री व सेवांसाठी १९८५ चे लेखा मानक ९ आणि बांधकाम करारांसाठी लेखा मानक ७ अशी वेगवेगळी मानके होती. मालाच्या मालकीतील जोखमी व लाभ ग्राहकाकडे गेले की विक्री पूर्ण, असा साधारण नियम होता. मानक ११५ ने जोखमीऐवजी 'नियंत्रण' ही कसोटी मानली आणि सर्व करारांसाठी पाच पायऱ्यांची एकच पद्धत घालून दिली :

१. ग्राहकाशी झालेला करार ओळखणे.
२. करारातील पूर्ततेची स्वतंत्र दायित्वे ओळखणे.
३. व्यवहार किंमत निश्चित करणे.
४. ही किंमत निरनिराळ्या दायित्वांमध्ये विभागणे.
५. प्रत्येक दायित्व पूर्ण होताच किंवा पूर्ण होत जाईल तसा महसूल नोंदविणे.

समजा, जलशुद्धीकरण यंत्र दोन वर्षांच्या देखभाल सेवेसह १८,००० रुपयांना विकले जाते. स्वतंत्रपणे यंत्राची किंमत १५,००० आणि देखभालीची ५,००० रुपये, म्हणजे एकूण २०,००० रुपये आहे. त्यामुळे १८,००० रुपयांची विभागणी ७५ व २५ टक्के या प्रमाणात होईल. यंत्राचे १३,५०० रुपये ते ग्राहकाच्या ताब्यात जाताच महसूल मानले जातील. उरलेले ४,५०० रुपये रोखीने मिळालेले असले तरी त्या दिवशी ते उत्पन्न नसून 'करार दायित्व' असतील आणि प्रतिवर्षी २,२५० रुपये याप्रमाणे महसुलात येतील. यंत्र सदोष निघाल्यास दुरुस्तीची सर्वसाधारण हमी ही मात्र वेगळी सेवा मानली जात नाही. तिच्यासाठी खर्चाची तरतूद करावी लागते.

तिसऱ्या पायरीवर सवलती, दंड आणि परत येणारा माल यांचा अंदाज घ्यावा लागतो. प्रत्येकी ५०० रुपयांचे १०० नग विकले आणि ८ परत येतील असा अनुभवाधारित अंदाज असेल, तर महसूल ५०,००० नव्हे, ४६,००० रुपये. उरलेले ४,००० रुपये परताव्याचे दायित्व. तसेच कंपनी स्वतः विक्रेती आहे की मध्यस्थ, हेही तपासावे लागते. ५,००० रुपयांचे तिकीट काढून देणाऱ्या मध्यस्थाला त्यातून ३०० रुपये दलाली मिळत असेल, तर त्याचा महसूल ३०० रुपयेच. ऑनलाइन व्यवसायांच्या उलाढालीचे आकडे वाचताना हा भेद विशेष उपयोगी पडतो.

घरबांधणी क्षेत्रातील परिणाम

या मानकाचा भारतातील ठळक परिणाम स्थावर संपदा क्षेत्रात दिसला. पूर्वी बांधकामाच्या प्रगतीनुसार, टक्केवारीने, महसूल नोंदविण्याची पद्धत प्रचलित होती. नव्या मानकानुसार काळाच्या ओघात महसूल नोंदविण्यासाठी तीनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते. ग्राहक सेवेचा लाभ ती मिळत असतानाच घेत असला पाहिजे. किंवा निर्माण होणारी मालमत्ता ग्राहकाच्या नियंत्रणाखाली असली पाहिजे. किंवा त्या मालमत्तेचा विकासकाला अन्य उपयोग नसून झालेल्या कामाचा मोबदला मिळविण्याचा त्याला कायदेशीर हक्क असला पाहिजे. यांपैकी एकही अट पूर्ण होत नसेल, तर घराचे नियंत्रण ग्राहकाकडे जाईपर्यंत थांबावे लागते. परिणामी, २०१८-१९ पासून अनेक विकासकांचा महसूल बांधकामाच्या काळातून प्रकल्पपूर्तीच्या किंवा ताब्याच्या काळात सरकला.

घर घेणाऱ्याच्या दृष्टीने यातील तत्त्व सरळ आहे : त्याने भरलेले पैसे घर मिळेपर्यंत विकासकाचे उत्पन्न नसून देणे आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, २०१६ ने ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले आहे. कायदा पैशाच्या वापरावर मर्यादा घालतो आणि मानक त्या पैशाचे खरे स्वरूप दाखविते. दोहोंचे कार्य भिन्न असून परस्परपूरक आहे.

मानकांच्या मर्यादा

ताळेबंदात दायित्व दिसणे म्हणजे संकट टळणे नव्हे. मानक ११६ लागू झाले त्याच महिन्यात, १७ एप्रिल २०१९ रोजी, जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. भाडे थकल्याने तिची अनेक विमाने पट्टा देणाऱ्या कंपन्यांनी परत घेतली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दिवाळखोरी संहितेतील स्थगितीमुळे विमानांच्या मालकांना ती परत मिळणे कठीण झाले. त्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विमानविषयक व्यवहारांना या स्थगितीतून वगळले आणि २०२५ मध्ये विमानांतील हितसंबंधांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. लेखांकन आणि धनकोंचे कायदेशीर हक्क हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरी मर्यादा अंदाजांची आहे. पट्ट्याची मुदत, व्याजदर, मालाचा परतावा, सेवेची स्वतंत्र किंमत या सर्व बाबी व्यवस्थापनाच्या निर्णयावर अवलंबून असतात. ते अंदाज प्रामाणिक आहेत की नाहीत हे लेखापरीक्षणाने तपासावयाचे असते. जानेवारी २००९ मध्ये उघड झालेल्या सत्यम प्रकरणात मानकांचा अभाव नव्हता. विवरणपत्रांतील रोकड आणि महसूल फुगविलेले होते व लेखापरीक्षणात ते उघड झाले नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३२ नुसार १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले, त्याचे महत्त्व या संदर्भात जाणावे.

तिसरी मर्यादा व्याप्तीची आहे. भारतीय लेखा मानकांच्या कक्षेत न येणाऱ्या लहान कंपन्या आजही लेखा मानक ९ आणि १९ चे पालन करतात. त्यामुळे एकाच प्रकारचा पट्टा मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात दिसतो आणि लहान कंपनीच्या ताळेबंदात कदाचित दिसत नाही. अनुपालनाचा खर्च पाहता ही सवलत समर्थनीय आहे. परंतु दोन कंपन्यांची तुलना करणाऱ्याने प्रथम दोघींनी कोणती मानके वापरली हे पाहिले पाहिजे. करपात्र उत्पन्नाची गणनाही प्राप्तिकराच्या स्वतंत्र निकषांनुसार होते. विवरणपत्रातील नफा आणि करपात्र नफा एकच, असे समजू नये.

दोन्ही मानकांचा आशय थोडक्यात असा सांगता येईल : जे द्यावयाचे कबूल केले आहे ते आज देणे म्हणून दिसले पाहिजे, आणि जे करावयाचे कबूल केले पण केले नाही, त्याचा मोबदला आज उत्पन्न म्हणून दिसता कामा नये. पाच पायऱ्या, वर्तमान मूल्य, नियंत्रणाची कसोटी ही या तत्त्वाची साधने आहेत. विद्यार्थ्यांनी कलमे पाठ करण्याबरोबरच एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून पट्टा दायित्व आणि करार दायित्व या दोन ओळी व त्यांखालील टिपा स्वतः वाचाव्यात.

सरावासाठी प्रश्न

१. आंतरराष्ट्रीय मानकांचा स्वीकार आणि त्यांच्याशी अभिसरण यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. मानक ११६ मुळे कंपनीची रोख देणी बदलत नसतानाही तिचे कर्ज-भांडवल गुणोत्तर का बदलते?
३. २४,००० रुपयांना विकलेल्या यंत्राची स्वतंत्र किंमत २०,००० रुपये आणि सोबतच्या दोन वर्षांच्या सेवेची स्वतंत्र किंमत १०,००० रुपये असल्यास पहिल्या दिवशीचा महसूल व करार दायित्व काढा.
४. 'पारदर्शक ताळेबंद आवश्यक आहे, पण पुरेसा नाही.' भारतीय विमान वाहतूक क्षेत्राच्या संदर्भात चर्चा करा.